उजव्या पायाचा नकाशा

अण्णा मोजणीला गेले की दुपारी जेवायला फक्त सरकारी जागेत बसत. कुणी पडवीत पाट मांडून बोलावलं, कुणी झाडाखालची सावली दाखवली, तरी ते हात जोडून नको म्हणत आणि पिशवीतून गावचा नकाशा काढून जवळचा रस्ता नाहीतर पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठची पडीक सरकारी जागा शोधत. ती सापडली की छत्री उघडून भर उन्हात बसायचे आणि डबा सोडायचे. ज्याची जमीन मोजायची त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांनी स्वतःवर घालून घेतलेला नियम. पाण्याची बाटली ते रत्नागिरीहून भरून न्यायचे.

एकदा शिरगावच्या बाजूला ते रस्त्याच्या कडेला जेवत असताना अर्ध्या भाकरीवर त्यांना शंका आली. उठले, टेप काढली, मोजलं, आणि रस्त्याची हद्द दोन फूट अलीकडेच संपते असं निघाल्यावर डबा उचलून तेवढे रस्त्याकडे सरकले. ही गोष्ट शिपायाने ऑफिसात सांगितली तेव्हा आम्ही हसलो. अण्णा तिथेच पेन्सिलीला ब्लेडने टोक करत होते. मान वर न करता म्हणाले, "दोन नाही. पावणेदोन."

मी त्या मोजणी ऑफिसात ट्रेसर होते. मोजणीदार जमिनीवर जाऊन मोजमाप करतो, नकाशा काढतो, आणि ट्रेसर तो नकाशा निळसर पातळ ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवते. त्यामुळे माणसं मी त्यांच्या रेषांवरून ओळखायला शिकले. काहींच्या रेषा घाईच्या असत, काहींच्या भिडेच्या. अण्णांची रेषा एकाच जाडीची. त्यांचा नकाशा टेबलावर आला की मला बरं वाटायचं, कारण त्यांना परत जाऊन काही विचारावं लागायचं नाही.

त्यांचं पूर्ण नाव मी इथे घालत नाही. आपल्या नावावर कुणी काही चढवलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांच्या स्वतःच्या घराच्या गडग्याची, म्हणजे कुंपणाच्या भिंतीची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होती. वडिलांनी बांधलेला चिऱ्याचा गडगा शेजाऱ्याच्या जागेत फूटभर गेलेला आहे असं त्यांना एकदा सुट्टीच्या दिवशी मोजताना दिसलं. शेजाऱ्याची तक्रार नव्हती. त्याला ते माहीतही नव्हतं. अण्णांनी गडगा काढला आणि फूटभर आत घेऊन परत रचला. त्यात काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, अबोलीची रांग गेली. काकू आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नंतर मला म्हणाल्या, "बोलून काय करणार गो? जागा आपली नव्हती हे त्यांचं खरंच होतं."

अण्णा चालत फार. मोजणीदाराला चालावंच लागतं, पण हे सुट्टीतही चालायचे. घरापासून मिरकरवाड्यापर्यंत आणि तिथून मागे, वाटेत कुणाशी न बोलता. ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका घाटीवर चढताना त्यांच्या छातीत आवळून आलं. ते थांबले, घड्याळ पाहिलं, कमी झाल्यावर पुन्हा चढले, आणि मोजणी वहीच्या शेवटच्या पानावर ते किती मिनिटं टिकलं ते लिहून ठेवलं. अशा सहा नोंदी झाल्यावर काकूंच्या हाती ती वही लागली. मग डॉक्टर, मग मुंबई. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि हृदयाचं ऑपरेशन करायचं ठरलं. पायातली रक्ताची एक शीर काढायची आणि तिचे तुकडे हृदयावर जोडून बंद पडलेल्या वाटांना वळसा द्यायचा, असं त्यांना समजावून सांगण्यात आलं. त्या काळी आमच्या ओळखीत कुणी असं ऑपरेशन केलेलं नव्हतं. निघताना अण्णांनी टेबल आवरलं, अपुरे नकाशे दुसऱ्या मोजणीदाराकडे सोपवले, आणि मला म्हणाले की नाचणे गावच्या नकाशात पूर्वेच्या बांधाचं माप त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, परत येईपर्यंत त्यावर शाई चढवू नये.

ते परत आले तेव्हा पावसाळा संपत आला होता. छाती बरी होती. चेहऱ्यावर रंग आला होता, जिना चढताना दम लागत नव्हता. पण उजवं पाऊल उचललं जात नव्हतं. घोट्यापासून खाली पाऊल लोंबायचं. चालताना ते गुडघा उंच उचलत, जसा माणूस चिखलातून चालतो तसा, आणि पाऊल फटकन खाली पडे. आमच्या ऑफिसात शहाबादी फरशी होती. तो आवाज दारापासून त्यांच्या टेबलापर्यंत यायचा आणि मग थांबायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माना खाली घालून काम केल्याचं दाखवलं.

गावात बोलायला विषय झाला. हृदय दुरुस्त केलंन आणि पाय बिघडवलान, असं लोक बाजारात म्हणत. कुणी म्हणे शीर काढताना दुसरंच काही कापलं असणार. कुणी काकूंना वकील गाठायला सांगे. अण्णा यातल्या कशावरही बोलायचे नाहीत. ते एकाच गोष्टीवर अडून बसले होते, आणि ती काय हे मला काकूंकडून कळलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की उजव्या पायाची बोटं वर होत नाहीत आणि पावलाची वरची बाजू बधिर आहे. त्यांनी सिस्टरला सांगितलं. सिस्टरने तरुण डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, शीर काढलीय, सूज आहे, जाईल. पाचव्या दिवशी पुन्हा सांगितलं. उत्तर तेच. घरी सोडताना हातात कार्ड दिलं. अण्णा कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय घडी घालत नसत. इंग्रजीत लिहिलं होतं: रुग्णाची काही तक्रार नाही, चालणं व्यवस्थित. अण्णांनी तिथल्या तिथे त्या डॉक्टरला ती ओळ दाखवली. तो घाईत होता. म्हणाला, आजोबा, जीव वाचलाय, हे बघा ना. मागे खाटेची वाट पाहणारा दुसरा रुग्ण उभा होता. अण्णा बाजूला झाले.

"पाय गेला त्याचं एवढं नाही," काकू म्हणाल्या, "पण ती ओळ खोटी लिहिलीन, हे त्यांना झोपू देत नाही."

ऑफिसातल्या साहेबांनी त्यांना टेबलावरचं काम दिलं. साहेब वाईट नव्हते. मोजणीदाराला कातळावरून, बांधावरून, उतारावरून चालावं लागतं, हे त्यांना नियमाने बघावंच लागणार होतं. अण्णा जुनी मापं तपासत बसले. महिनाभराने एका सकाळी फरशीवरचा फटफट आवाज आला नाही म्हणून मी वर पाहिलं. एसटी स्टँडजवळ बूट दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडून अण्णांनी गुडघ्याखाली बांधायचा चामड्याचा पट्टा करून घेतला होता. त्या पट्ट्यापासून बुटाच्या टोकापर्यंत सायकलच्या ट्यूबची एक पट्टी ताणून बसवली होती. पाऊल उचललं की रबर बुटाचं टोक वर ओढून धरायचं. पाच वेळा तो पट्टा उसवून परत शिवला होता. सहाव्या वेळी जमला. ती कल्पना कुणाची असं मी विचारलं तर म्हणाले, निम्मी त्याची.

आणि त्याच सुमारास त्यांनी पायाची मोजणी सुरू केली.

हे मला कळलं ते एका शनिवारी. अर्धा दिवस ऑफिस करून मी निघाले तर अण्णा म्हणाले की एक खाजगी नकाशा ट्रेस करायचा आहे, ऑफिसच्या वेळात नाही आणि ऑफिसच्या कापडावर नाही, कापड त्यांनी विकत आणलं आहे, तुम्हाला सवड असेल तर घरी या. त्यांच्या पडवीत मी गेले. टेबलावर जाड कागदावर काढलेला एक नकाशा होता. आधी मला वाटलं एखाद्या लांबट डोंगराळ गटाचा आहे. मग घोटा दिसला.

रत्नागिरीतल्या त्यांच्या शेजारच्या डॉक्टरने त्यांना समजावलं होतं की हे रक्ताच्या शिरेचं दुखणं नाही. कळण्याच्या आणि हलवण्याच्या ज्या नसा असतात, त्या दुखावल्यात. पुरत्या तुटल्या नसतील तर त्या वरून खाली हळूहळू वाढतात, महिन्याला साधारण इंचभर. अण्णांना एवढंच हवं होतं. महिन्याला इंच म्हणजे मोजता येणारी गोष्ट. दर रविवारी सकाळी ते डोळे मिटून पडवीत बसत. काकू समईची न पेटवलेली वात घेऊन पायावर वरून खाली टेकवत जात. कळलं की अण्णा हो म्हणत, नाही कळलं तर गप्प राहत. जिथे हो थांबे तिथे काकू शाईचा ठिपका देत. मग अण्णा गुडघ्याची वाटी आणि घोट्याचं हाड ही दोन पक्की निशाणं धरून प्रत्येक ठिपक्याचं अंतर टेपने घेत आणि निम्म्या मापाने कागदावर उतरवत.

नकाशात बधिर जागेचे दोन तुकडे होते. एक आतल्या बाजूने, जिथून शीर काढली होती त्या टाक्यांच्या लगत, घोट्यापर्यंत उतरलेली अरुंद पट्टी. दुसरा मोठा, बाहेरच्या बाजूने पोटरीखालून निघून पावलाच्या वर पसरलेला. त्यांना त्यांनी गट एक आणि गट दोन असे नंबर दिले होते.

मी कापड ताणून बसवलं आणि विचारलं, "अण्णा, यात उत्तर दिशा कुठे दाखवू?"

ते गंभीरपणे विचारात पडले. "गुडघ्याकडे," म्हणाले.

मी बाण काढला. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि हे सगळं मला थोडं वेडेपणाचं वाटलं होतं, हे कबूल करते. पण दुसऱ्या महिन्याचा नकाशा पहिल्यावर ठेवला आणि गट दोनची वरची हद्द बोटभर खाली सरकलेली मला माझ्या डोळ्यांनी दिसली, तेव्हा मी काकूंकडे पाहिलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या. अण्णा तिसऱ्या महिन्याच्या कागदावर चौकट आखत होते.

भाट्याच्या किनाऱ्यावरही ते जात. ओहोटीच्या वेळी, ओली वाळू घट्ट असते तिथे, पट्टा काढून अनवाणी पन्नास पावलं चालायचे. डाव्या पायाचा ठसा स्वच्छ उठे. उजव्याच्या पुढे बोटं घासल्याची एक रेघ असे. मग उलटे वळून प्रत्येक रेघेची लांबी मोजायचे. मासे घेऊन येणाऱ्या बायका थांबून बघत. एकदा मी बरोबर होते तेव्हा एकीने मला विचारलं की तुमच्या साहेबांचं काय हरवलंय. मी सांगितलं, पाय. ती बराच वेळ हसली, आणि मग तिला कळल्यावर टोपली उतरवून पुढच्या पावलांना टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत अण्णांनी साहेबांकडे अर्ज केला की एक मोजणी करू द्यावी. साहेबांनी हातखंब्याच्या पलीकडच्या एका गावची दिली. वरती कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, खाली उतार, आणि सड्याच्या हद्दीवरून दोन घरांचा जुना वाद. मला त्यांनी बरोबर पाठवलं. निमित्त नोंदी तपासण्याचं होतं. आदल्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावून सांगितलं की अण्णांना जमतं का ते नीट बघा आणि लेखी द्या, तुमच्या लिहिण्यावर मी ठरवीन.

मी घरी जाऊन जेवले नाही. माझ्या दुप्पट वयाच्या माणसाबद्दल मी काय लिहिणार होते?

सकाळी नऊला मोजणीची साखळी पडली. वादातल्या एका बाजूला एक विधवा बाई होती, साठीची, कष्टाने काळवंडलेली. दुसऱ्या बाजूला तिचा चुलत दीर आणि त्याचा जावई. दोन्ही घरं गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. अण्णा पट्टा बांधून चालत होते. कातळ वर सपाट दिसतो, पण त्यात खळगे असतात आणि सुकलेल्या गवताने ते झाकलेले असतात. अकरा वाजेपर्यंत सगळं ठीक चाललं. नंतर उताराच्या कडेला रबराची पट्टी तुटली. बुटाचं टोक खळग्यात अडकलं आणि अण्णा तोंडावर पडले. चष्मा उडाला. हाताचे तळवे फाटले.

आम्ही सगळे धावलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. कुणी उचलायचं नाही. ते स्वतः वळून बसले आणि पाय पुढे घेऊन तुटलेलं रबर बघू लागले. त्यांचा श्वास जोरात चालला होता. एका हाताने त्यांनी छाती दाबून धरली होती. मला त्या क्षणी पाय सुचलाच नाही, छातीच सुचली.

ती बाई तांब्या घेऊन पुढे आली. "वाईच पानी घेवा," म्हणाली. अण्णांनी नेहमीसारखे हात जोडले. त्यांची स्वतःची बाटली पडताना फुटली होती, तिचं पाणी कातळावरून ओघळून गेलं होतं. बाई तशीच उभी राहिली. तेवढ्यात दिराच्या जावयानेही आपल्या बाजूने लोटा आणला. दोन भांडी दोन्हीकडून पुढे आली आणि मधे अण्णा बसलेले. 

अण्णांनी दोघांकडे पाहिलं. "दोघांचं घेतो," म्हणाले.

आधी बाईच्या तांब्यातून ओंजळीत घेऊन दोन घोट, मग लोट्यातून दोन घोट. मोजून. ओंजळीतलं पाणी तळव्याच्या रक्ताने लाल झालं होतं. तो दीर इतका वेळ लांब उभा होता, तो खाली बसला आणि आपल्या खांद्यावरचा पंचा काढून अण्णांच्या बुटाचं टोक पट्ट्याला बांधायला लागला. बाईने दुसरं टोक धरलं. गाठ मारताना दोघं एकमेकांशी बोलली नाहीत, पण गाठ दोघांनी मिळून मारली.

अर्ध्या तासाने अण्णा उठले. चार वाजेपर्यंत मोजणी पुरी केली. हद्द बाईच्या बाजूने निघाली, आणि कातळाचा एक कोपरा दिराच्या बाजूने निघाला. दोघांनीही तिथेच अंगठे दिले.

परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते. साहेबांना काय लिहावं हेच माझ्या डोक्यात होतं. अण्णांना ते कळलं असावं. त्यांना मला का पाठवलंय हे सकाळपासूनच ठाऊक होतं.

"पडलो ते लिहा," ते म्हणाले. "कुठे पडलो, किती वेळ बसलो ते लिहा. दोघांचं पाणी प्यायलो तेही लिहा. आणि मोजणी किती वाजता पुरी झाली ते लिहा. यातलं एकही गाळू नका. गाळलंत तर मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

त्यांच्यात म्हणजे कार्डावर ती ओळ लिहिणाऱ्यांत, हे मला कळलं.

मी सगळं लिहिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. त्यांनी अण्णांना बोलावून सांगितलं की उताराची कामं मिळणार नाहीत, बाकीची करा, आणि बरोबर जास्तीचं रबर ठेवत जा. अण्णांनी बाहेर येऊन टेबलाचा खण उघडला आणि मला रबराच्या आणखी चार पट्ट्या दाखवल्या. त्या आधीपासूनच कापून ठेवलेल्या होत्या. त्या दिवशी एकही बरोबर घेतली नव्हती याची त्यांना लाज वाटत होती.

मार्चमध्ये त्यांना तपासणीसाठी मुंबईला जायचं होतं. त्याआधी त्यांनी सर्जनला पत्र आणि नकाशांच्या प्रती पाठवल्या होत्या. उत्तर आलं नव्हतं. या खेपेला ते सगळे महिनोमहिन्यांचे नकाशे गुंडाळून टिनच्या नळकांड्यात घालून घेऊन गेले. पुढचं मला काकूंनी सांगितलं. अण्णांनी आल्यावर फक्त एवढंच सांगितलं होतं की नोंद झाली.

मोठे सर्जन स्वतः भेटले ते दोन तास थांबल्यावर. त्यांनी छाती तपासली, उत्तम आहे म्हणाले. अण्णांनी कार्ड पुढे केलं आणि ती ओळ दाखवली. सर्जन थकलेले होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही जगलात, हे तुम्हाला महत्त्वाचं वाटत नाही का?"

"वाटतं," अण्णा म्हणाले. "रोज सकाळी तुमची आठवण काढतो. पण माझी तक्रार नव्हती असं यात लिहिलंय. तक्रार होती. तिसऱ्या दिवशी सांगितली होती."

"मग काय, केस करायची आहे?"

"नाही. दुरुस्ती करायची आहे."

काकू म्हणाल्या, त्या वेळी त्यांना वाटलं की आता आपल्याला बाहेर काढतील. पण सर्जननी नळकांड्याकडे बोट करून हे काय आहे असं विचारलं. अण्णांनी नकाशे टेबलावर पसरले, सगळ्यांत जुना खाली, नवा वर. पारदर्शक कापड असल्यामुळे हद्दी एकाखाली एक दिसत होत्या. सर्जन उभे राहिले. त्यांनी दिवा जवळ ओढला. मग त्यांनी अण्णांना टेबलावर झोपायला सांगितलं आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याशी बोटाने हलकंच वाजवलं. अण्णा म्हणाले, मुंग्या पावलापर्यंत जातात.

सर्जन खुर्चीत बसले आणि सरळ सांगितलं. आतली पट्टी शीर काढताना होते, तिच्या शेजारूनच एक बारीक नस जाते, ती पुष्कळांची दुखावते, आणि ते आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. बाहेरची मात्र व्हायला नको होती. ऑपरेशन लांबलं होतं, पाय बाहेरच्या बाजूला कलंडलेला राहिला, आणि इथे, जिथे नस कातडीला लागूनच असते, तिथे टेबलाची कड तासन्तास दाबत राहिली असणार. कुणी बघितलं नाही. मीही नाही.

"मीही नाही, असं म्हणालेन," काकूंनी मला दोनदा सांगितलं. "एवढा मोठा डॉक्टर."

मग त्यांनी पेन काढून कार्डावरच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली, खाली खरं काय ते लिहिलं, तारीख घातली, सही केली. अण्णांनी ते वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. कार्डाची घडी घातली आणि हात जोडले. तेव्हा, काकू म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना परक्यासमोर रडताना पाहिलं. उठताना सर्जननी विचारलं की पायाची मोजणी पुरी झाली की एक स्वच्छ नकाशा मला पाठवाल का, शिकणाऱ्या मुलांना दाखवायचा आहे.

मोजणी पुरी व्हायला आणखी दहा महिने लागले. पाऊल हळूहळू वर होऊ लागलं. आधी अंगठा, मग बाकीची बोटं. पुढच्या दिवाळीत पट्टा सुटला. संध्याकाळी थकल्यावर बुटाचं टोक थोडं घासायचं, ते शेवटपर्यंत राहिलं. गट दोन आकसत आकसत पावलावर रुपयाएवढा उरला आणि एका महिन्यात गेला. गट एक, आतली अरुंद पट्टी, मात्र हलली नाही. सलग चार महिने त्याच ठिकाणी राहिली.

शेवटच्या रविवारी मी पडवीत होते. काकूंनी वात बाजूला ठेवली. अण्णांनी डोळे उघडले, त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि पेन्सिलीने तिच्यात तिरप्या रेघा मारायला सुरुवात केली. मोजणीच्या नकाशात तशा रेघा पोटखराब्याला मारतात. कुठल्याही जमिनीत कातळ, पऱ्ह्या, अशी थोडी जागा असते जिथे काही पिकत नाही. ती वेगळी दाखवतात आणि तिच्यावर सारा घेत नाहीत.

"हा पोटखराबा धरायचा," अण्णा म्हणाले. "क्षेत्रातून वजा नाही करायचा. जागा आपलीच आहे."

सर्जनना पाठवायचा तो शेवटचा नकाशा मी आठवडाभर बसून उतरवला. आयुष्यात इतकी सावकाश रेषा मी कधी ओढली नाही. झाल्यावर कोपऱ्यात नेहमीसारखी माझ्या नावाची दोन अक्षरं टाकली. ऑफिसच्या नकाशांवर ट्रेसरची तेवढीच असतात. अण्णांनी ती बघितली आणि नापसंतीने मान हलवली. मला पूर्ण नाव लिहायला लावलं, माझं, वडिलांचं आणि आडनाव. मग खाली स्वतःसाठी एवढंच लिहिलं: मोजणीदार, रत्नागिरी.

तीन वर्षांनी आमच्या आळीतल्या एकांचं त्याच इस्पितळात तसंच ऑपरेशन झालं. ते परत आल्यावर मी बघायला गेले. त्यांनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या त्या छातीचं विचारायच्या आधी म्हणाल्या, पायाची बोटं वर करून दाखवा. दोन्ही पायांची. आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मी तशीच अण्णांकडे गेले. ते तेव्हा निवृत्त झाले होते, पडवीत बसून शेजाऱ्याच्या मुलीला भूमिती शिकवत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "लिहून घेतलंन, हे नक्की?" मी नक्की म्हटलं. त्यांनी काकूंना हाक मारली आणि मला ते सगळं त्यांनाही पुन्हा सांगायला लावलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आळीतल्या त्या गृहस्थांनी मला जाता जाता विचारलं होतं की तुम्ही तिथे कधी नोकरीला होतात का. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर काचेत घातलेला एका पायाचा नकाशा आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात तुमचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट.

तीस वर्षं मी नकाशे उतरवले. हजारो. माझं पूर्ण नाव त्या एकाच नकाशावर आहे.